वडिलांचे घड्याळ आणि ‘चालेल’ नावाचा पार्ट



कपाटाचा वरचा खण, लोखंडी पेटीचा तळ, नाही तर माळ्यावरचा बिस्किटांचा जुना डबा. यांपैकी कुठल्या तरी एका ठिकाणी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी चावीचे एक बंद घड्याळ पडलेले असते. वडिलांनी बोनसमधून घेतलेले, मामाने लग्नात दिलेले, नाही तर सेवानिवृत्तीच्या दिवशी खात्यातील सोबत्यांनी वर्गणी काढून हातावर बांधलेले. ते मोडीत घालवत नाही आणि मनगटावर बांधताही येत नाही. मग एखाद्या दिवशी मुलगा किंवा सून ते घेऊन नाक्यावरच्या दुकानात जाते आणि तेथून खरी गोष्ट सुरू होते.

आम्ही पेशाने कारकून, घड्याळजी नव्हे. परंतु जुन्या चावीच्या घड्याळांचा नाद फार वर्षांचा आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसण्याची सवयही तेवढीच जुनी. त्या अनुभवावरून आमचे एक मत पक्के झाले आहे. ही घड्याळे कपाटात पडून सहसा मरत नाहीत. तेल सुकते, धूळ बसते, एवढेच. चांगली साफसफाई आणि तेलपाणी झाले की तीस-चाळीस वर्षे झोपलेले मशीन पुन्हा बोलू लागते. त्यांचा खरा घात होतो तो चुकीचा पार्ट बसवल्यामुळे. दुकानात एक शब्द फार सहज उच्चारला जातो, ‘चालेल’. मूळ पार्ट मिळत नाही, त्याच्या जवळपासचा आहे, थोडा घासला की बसतो, चालेल. सहा महिने चालते देखील. नंतर त्या एका पार्टमुळे शेजारचे दोन झिजतात आणि पुढच्या वेळी दुकानदार प्रामाणिकपणे सांगतो की आता यात काही राहिले नाही.

म्हणून ‘चालेल’ आणि ‘हाच आहे’ यांतील फरक ग्राहकाला समजला पाहिजे. त्यासाठी घड्याळ दुरुस्त करता येण्याची गरज नाही. मशीनची ओळख कशी पटवायची एवढे कळले तरी निम्मे काम होते.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी ती ही की डायलवरचे नाव म्हणजे मशीन नव्हे. दुकानात गेल्यावर आपण म्हणतो, अमुक कंपनीच्या घड्याळाची कमान द्या. पण जुन्या स्विस घड्याळांतील कित्येक कंपन्या मशीन स्वतः बनवतच नसत. मशीनचा सांगाडा, ज्याला तिकडे एबोश म्हणतात, तो ठरावीक मोठ्या कारखान्यांतून विकत घेऊन या कंपन्या त्यावर आपले डायल, काटे आणि केस चढवीत. ए. शिल्ड म्हणजे ए. एस., फाँतेनमेलाँ येथील एफ. एच. एफ. आणि ए. मिशेल या तीन कारखान्यांनी १९२६ साली एकत्र येऊन एबोश एस. ए. ही कंपनी काढली, ई. टी. ए. त्यांत १९३२ मध्ये आली. परिणाम असा की डायलवर दहा वेगवेगळी नावे असलेल्या दहा घड्याळांत एकच ए. एस. चे मशीन असू शकते. उलटही घडते. एकाच नावाच्या दोन घड्याळांत दोन निराळी मशीने निघतात. मुंबईशी जुना संबंध असलेल्या वेस्ट एंड कंपनीच्या घड्याळांत निरनिराळ्या काळी निरनिराळ्या कारखान्यांची मशीने बसवलेली दिसतात, त्यांत लाँजीनचीही आहेत. याला अपवाद म्हणजे रोमर. ते आपली मशीने स्वतःच बनवीत आणि त्यांवर एम. एस. टी. ही अक्षरे कोरीत. फाव्हर-लुबानेही स्वतःची मशीने काढली.

आपल्याकडच्या एचएमटीची तऱ्हा वेगळी. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना उभा राहिला. जनता, पायलट, जवान ही नावे वेगळी, डायल वेगळे, पण आत एकाच कुळातील १७ ज्वेलचे चावीचे मशीन. जाणकार मंडळी त्याला ०२३१ या आकड्याने ओळखतात. त्यामुळे आजोबांच्या जनताला पायलटमधील पार्ट लागला तर त्यात नवल नाही. पण म्हणून ‘एचएमटी आहे ना, मग कुठलेही चालेल’ असे मात्र नाही. कंचन हे ऑटोमॅटिक, सुजाता हे बायकांचे लहान घड्याळ. त्यांची मशीने निराळी. आईच्या सुजातातील चाक वडिलांच्या जनतात जाणार नाही.

मग ओळख कशी पटवायची? घरी चाकूने झाकण उघडू नये, हे आधीच सांगून ठेवतो. चाकू घसरला की तो नेमका हेअरस्प्रिंगमध्ये जातो. दुकानात दोन मिनिटांत झाकण निघते. झाकण निघाले की प्रथम मशीनच्या वरच्या पुलांवर पाहावे. तेथे बहुधा डायलवरच्याच कंपनीचे नाव आणि ज्वेलचा आकडा कोरलेला असतो. हे नाव घड्याळ विकणाऱ्याचे. मशीन बनवणाऱ्याची खूण बहुधा बॅलन्सच्या खाली, तळाच्या प्लेटवर असते. बॅलन्स म्हणजे ते इकडून तिकडे सतत झुलणारे चाक. त्याच्या आऱ्यांमधून, आयग्लास डोळ्याला लावून पाहिले, की एक बारीकशी ढाल किंवा चौकट, तिच्यात अक्षरे आणि शेजारी तीन-चार आकडे दिसतात. हा त्या मशीनचा कॅलिबर नंबर. काही मशीनांत तो डायलच्या बाजूला असतो, म्हणजे डायल उतरवल्याशिवाय दिसत नाही.

आमची विनंती अशी की हा आकडा मिळाल्यावर लगेच मोबाइलने त्याचा फोटो काढून घ्यावा. झाकण उघडे असतानाच मशीनचाही एक स्पष्ट फोटो काढावा. पुढे काही वाद झालाच तर आपले मशीन कसे होते याचा तो पुरावा.

दुकानातील संवाद साधारण असा होतो:

“चाचा, मशीन कुठलं आहे?”

“स्विस आहे बेटा, एकदम ओरिजिनल.”

“ते झालंच, पण बॅलन्सखाली नंबर काय आहे, तेवढा बघता का?”

येथे दोन प्रकार दिसतात. जो जाणकार आहे तो खूश होतो, आयग्लास लावतो आणि आकडा वाचून दाखवतो. जो वैतागतो त्याच्याकडून घड्याळ परत घ्यावे. उद्धटपणा न करता घ्यावे, पण घ्यावे.

काही मशीनांवर आकडा सापडतच नाही. अशा वेळी घड्याळजी दोन गोष्टींवरून ओळखतात. एक, मशीनचा व्यास. जुन्या स्विस पद्धतीत तो लिन्य या मापात सांगतात. १ लिन्य म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर. हे माप मोघम असते. पेसू ७००१ हे पातळ मशीन साडेदहा लिन्यांचे म्हणवले जाते, पण मोजले तर २३.३ मिलिमीटर भरते. गुणाकाराने पाहिले तर तेवीस आणि वर जवळजवळ पाऊण यायला हवे. म्हणून मिलिमीटर मोजावेत, लिन्यांवर भरवसा ठेवू नये. दुसरी खूण म्हणजे डायलच्या बाजूला, चावीच्या दांड्याजवळ बसणाऱ्या सेटिंग लिव्हरच्या स्प्रिंगचा आकार. प्रत्येक कॅलिबरमध्ये ही पातळ पट्टी वेगळ्या नक्षीने कापलेली असते, जसा माणसाच्या अंगठ्याचा ठसा. अमेरिकेतील बेस्टफिट आणि जर्मनीतील फ्लुमे यांच्या जुन्या कॅटलॉगांत या पट्ट्यांची चित्रेच छापलेली आहेत. त्यांवरून बोट फिरवत मशीन शोधायचे. जुन्या घड्याळजींकडे या कॅटलॉगांच्या फाटक्या झेरॉक्स प्रती अजून आहेत.

कॅलिबर हाती आला की निम्मे काम झाले. आता पार्टचा नंबर. आम्हा हिशेबाच्या माणसांना ही पद्धत पाहून फार समाधान वाटते. कॅलिबर हे खतावणीतील खाते समजा आणि पार्ट ही त्या खात्यातील नोंद. स्विस कारखान्यांनी पार्टांना जे आकडे दिले ते सगळ्या कॅलिबरांत तेच. चावीचा दांडा, म्हणजे स्टेम, कुठल्याही मशीनचा असो, त्याचा आकडा ४०१. क्लच व्हील ४०७, वाइंडिंग पिनियन ४१०, रॅचेट व्हील ४१५, क्राउन व्हील ४२०, क्लिक ४२५, सेटिंग लिव्हर ४४३. एस्केप व्हील ७०५, पॅलेट ७१०, पूर्ण बॅलन्स ७२१, नुसता बॅलन्स स्टाफ ७२३, मेनस्प्रिंग ७७०. स्क्रूलाही नंबर आहे. पार्टच्या आकड्याआधी ५ लावला की त्याचा स्क्रू, जसे क्राउन व्हीलचा स्क्रू ५४२०. जाता जाता सांगतो, हा स्क्रू पुष्कळ मशीनांत उलट्या आट्याचा असतो. नवशिका कारागीर नेहमीच्या दिशेने जोर लावतो आणि डोके उडवतो. डोके उडालेला किंवा खाच फाटलेला हा स्क्रू दिसला की समजावे, या घड्याळावर आधी कुणीतरी हात साफ केलेला आहे.

तर, ‘ए. एस. अमुक, ४०१’ एवढे म्हटले की जाणकार मटेरियलवाल्याला पुढे काही विचारावे लागत नाही. जुन्या स्विस मालाच्या कागदी पाकिटांवर हेच दोन आकडे छापलेले असतात. मात्र पाकीट जुने असले तरी आतला माल त्याचाच असेल असे नाही. चार हातांतून गेलेल्या पाकिटात काहीही निघते. जुना पार्ट आणि नवा पार्ट काचेवर शेजारी ठेवून ताडून पाहावा. येथे भिडस्तपणा कामाचा नाही.

आता तीन पार्टांविषयी थोडे सविस्तर, कारण सगळी गफलत बहुतेक यांच्यातच होते.

पहिला स्टेम. चावी ओढली की हातात येते, ही तक्रार नेहमीची. वरवर स्टेम म्हणजे एक बारीक दांडा. पण त्याच्यावर टोकाला एक बारीक खुंटी, मग क्लच व्हीलसाठी चौकोनी भाग, मग गोल भाग, मग सेटिंग लिव्हर अडकण्याची खाच आणि शेवटी चावीसाठी आटे असे टप्पे असतात. या टप्प्यांमधील अंतर कॅलिबरप्रमाणे बदलते. आट्यांचे माप ०.९० मिलिमीटर हे पुष्कळ घड्याळांत सारखे असल्यामुळे चावी कुठल्याही स्टेमवर चढते आणि ग्राहकाला वाटते, बसला की! पण खाच केसाएवढी जरी पुढे-मागे झाली तरी सेटिंग लिव्हरची टाचणी खाचेच्या कडेवर घासत राहते. काटे फिरवताना चावी घसरते, चावी देताना खर्रखर्र आवाज येतो, आणि वर्षभरात क्लच व्हीलचे दात बोथट होतात. स्टेम चाळीस-पन्नास रुपयांचा की दोनशेचा, हा प्रश्न नाही. चुकीच्या स्टेमने जे ४०७ आणि ४१० खराब होतात ते जुन्या मशीनचे आता मिळणे कठीण, नुकसान ते आहे.

दुसरी कमान, म्हणजे मेनस्प्रिंग. कमानीची मापे चार: पट्टीची रुंदी, जाडी, लांबी आणि ज्या डबीत ती गुंडाळून बसते त्या बॅरलचा आतला व्यास. दुकानदार येथे एक वाक्य हमखास टाकतो: “जरा जाड आहे, पण ताकद जास्त देईल.” ताकद जास्त देते हे खरेच आहे, किती ते पाहू. कमानीचा जोर रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ०.१० मिलिमीटरऐवजी ०.११ मिलिमीटरची पट्टी टाकली, तर जाडी वाढली दहा टक्के आणि जोर वाढला तेहतीस टक्के. ०.१२ टाकली तर जोर जवळजवळ पावणेदोन पट. एवढ्या जोराने बॅलन्स गरजेपेक्षा जास्त फिरतो, त्याची खुंटी पॅलेटच्या शिंगाला मागून जाऊन धडकते, आणि घड्याळ घोड्यासारखे दौडू लागते. दिवसाला कितीतरी मिनिटे पुढे. मग कारागीर रेग्युलेटर ओढून ते मागे आणू पाहतो. रोग एकीकडे, औषध दुसरीकडे.

लांब कमान टाकली की घड्याळ जास्त तास चालेल, हाही एक गैरसमज. डबीतील मोकळ्या जागेपैकी सुमारे अर्धी जागा कमानीने व्यापली की तिला सर्वांत जास्त फेरे मिळतात. त्यापेक्षा लांब पट्टी कोंबली तर उलगडायला जागाच उरत नाही, आणि घड्याळ कमी तास चालते. जुन्या निळ्या पोलादी कमानी अचानक तुटत. नंतरच्या पांढऱ्या मिश्रधातूच्या कमानी सहसा तुटत नाहीत. मापे तीच असतील तर पांढरी घ्यावी, त्याने घड्याळाचे जुनेपण बाटत नाही. ऑटोमॅटिक घड्याळाची कमान मात्र चावीच्या घड्याळात घालू देऊ नये. ती पूर्ण भरली की भिंतीवरून घसरण्यासाठीच बनवलेली असते. आणि ज्यांच्याकडे फाव्हर-लुबाचे एफ. एल. २५१ हे १९६२ मध्ये निघालेले पातळ मशीन आहे त्यांनी लक्षात ठेवावे, त्यात बॅरल दोन आहेत. कमानी दोन लागतात. एकच बदलून ‘झाले’ म्हणणाऱ्याला दुसरीविषयी विचारावे.

तिसरा बॅलन्स. घड्याळ हातातून पडले की बहुधा बॅलन्स स्टाफचे टोक मोडते. हे टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून बारीक असते. त्याला वाचवण्यासाठी नंतरच्या मशीनांत धक्का झेलणारी स्प्रिंग आली. स्विसमध्ये इन्काब्लॉक, किफ. सिटिझन आणि एचएमटीत पॅराशॉक, जे शब्द जनताच्या डायलवरच लिहिलेले असतात. या तिन्हींची खडे धरणारी जागा आणि स्प्रिंग निराळी, एकाची दुसऱ्याला लागत नाही. यात आणखी एक खोच आहे. एकाच कॅलिबरचे मशीन काही वर्षे साधे आणि नंतर इन्काब्लॉकसह निघाले असेल, तर दोहोंचे ७२३ निरनिराळे असतात. कॅलिबर बरोबर, पार्ट नंबर बरोबर, तरीही स्टाफ चूक. म्हणून ७२३ मागताना ‘इन्काब्लॉकचा’ की ‘साधा’ हे सांगितलेच पाहिजे.

पूर्ण बॅलन्स, म्हणजे ७२१, बदलायचा झाला तर ठोक्यांचा हिशेब पाहावा. जुनी चावीची घड्याळे बहुतेक तासाला १८,००० ठोक्यांची, म्हणजे सेकंदाला ५. पुढे २१,६०० ठोक्यांची आली. युनिटासचे ६४९७ हे प्रसिद्ध मोठे मशीन घ्या. त्याच्या पुढे आडवी रेघ देऊन १ असेल तर ते १८,००० चे, २ असेल तर २१,६०० चे. दिसायला भाऊ-भाऊ, दोघेही ३६.६ मिलिमीटरचे. पण १८,००० च्या मशीनमध्ये २१,६०० चा बॅलन्स टाकला तर घड्याळ तासाला १२ मिनिटे पुढे जाईल. उलट केले तर तासाला १० मिनिटे मागे. रेघेपुढचा तो एक आकडा कागदावर लिहून घ्यायला विसरू नये. याच मशीनचा भाऊ ६४९८. त्यात सेकंदाचा छोटा काटा सहाच्या जागी, ६४९७ मध्ये चावी तीनला धरली तर नऊच्या जागी. प्लेट वेगळी, तरी दोघांतील बरेच भाग एकमेकांना लागतात. तेव्हा कुळ ओळखता आले तर मार्ग बंद होत नाही, उलट एक दार जास्त उघडते.

काच, पट्टा, चावीचे बोंड यांबद्दल फार लिहीत नाही. ते मापाने मिळतात आणि त्यांनी मशीनचे काही बिघडत नाही.

एक घडलेला प्रकार मात्र सांगितला पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका ताईंचे वडील नगरपालिकेच्या नोकरीत होते. त्यांचे जनता घड्याळ ताईंनी एका दुकानात दिले. आठ दिवसांनी घड्याळ चालू होऊन आले, डायल चकचकीत. ताई खूश. पुढे वर्षाने ते पुन्हा बंद पडले तेव्हा आम्ही दुसऱ्या कारागिराकडून झाकण उघडवले. आत एचएमटीचे मशीनच नव्हते. कुठल्या तरी मोडीतील स्विस मशीन बसवून, ते हलू नये म्हणून कडेला प्लॅस्टिकची पट्टी कोंबलेली होती. डायलचे पाय कापून ते चिकटवलेले. वडिलांनी सत्तावीस वर्षे रोज सकाळी ज्या मशीनला चावी दिली ते मशीन कुठे गेले, ते आता कुणीही सांगू शकत नाही. पावतीवर लिहिले होते, ‘रिपेरिंग’. ताईंनी पैशांचे काही म्हटले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, “दादा, मग हे घड्याळ बाबांचं राहिलं का?” आम्हाला उत्तर देता आले नाही.

परदेशातील जुन्या घड्याळांचे शौकीन, नवीन रंगवलेले डायल आणि मिळेल ते मशीन घालून विकलेल्या अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून हिणवतात. ते ऐकून आम्हाला रागही येतो आणि खालीही पाहावे लागते. राग यासाठी, की आपल्या फुटपाथवरचा कारागीर ज्या अवजारांनी आणि ज्या उजेडात काम करतो त्यात त्यांच्यापैकी कोणी तासभरही बसणार नाही. खाली यासाठी, की डायलवर दुसऱ्याचे नाव रंगवणे ही लबाडीच आहे, ती कुणीही करो.

कारागिरांची बाजूही पाहिली पाहिजे. एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. स्विस कारखान्यांनी जुन्या मशीनांचे सुटे भाग बनवणे तर त्याआधीच कधीचे थांबवले होते. आज जो माल आहे तो जुन्या साठ्यातला, नाही तर मोडक्या घड्याळांतून काढलेला. ग्राहक मात्र शंभर रुपयांत आणि संध्याकाळपर्यंत मागतो. मग कारागीर ‘चालेल’ म्हणणार नाही तर काय करणार? पूर्ण मशीन खोलून, धुऊन, प्रत्येक टोकाला योग्य तेल देऊन पुन्हा जोडायला माणसाचे कित्येक तास जातात. त्या मजुरीत घासाघीस करू नये. आपण स्वतः मजुरीवर जगणारी माणसे आहोत. घासाघीस करायचीच तर डायल रंगवण्याच्या खर्चात करावी, किंवा तो खर्च करूच नये. डागाळलेले मूळ डायल हे नव्या रंगाच्या डायलपेक्षा केव्हाही बरे.

नवा पार्ट मिळत नसेल तर राजमार्ग म्हणजे त्याच कॅलिबरचे दुसरे बंद घड्याळ विकत घेणे. एचएमटीच्या बाबतीत हे अजून सोपे आहे. मुंबईच्या चोर बाजारात, ठिकठिकाणच्या जुन्या बाजारांत, भंगारवाल्याकडे फुटक्या काचेचे, काटे नसलेले जनता किंवा पायलट मिळते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. झाकण उघडून मशीनवरचा आकडा आपल्या फोटोशी जुळतो का. हलवल्यावर बॅलन्स मोकळा झुलतो का. आणि आत गंज नाही ना. गंजलेले मशीन फुकट मिळाले तरी घेऊ नये, कारण त्यातील दहापैकी आठ भाग टाकाऊ निघतात. सिटिझनचे जुने पार्ट एचएमटीला बसतात असे बाजारात सांगितले जाते. मूळ आराखडा तिकडचा असल्यामुळे ते ऐकायला पटते, पण दोन्ही पार्ट शेजारी ठेवून ताडल्याशिवाय मान्य करू नये. आणि आपला एक पार्ट काढून झाल्यावर त्या दुसऱ्या घड्याळाचे उरलेले मशीन दुकानात सोडून येऊ नये. ते छोट्या डबीत घालून घरी ठेवावे. पाच वर्षांनी लागेल.

दुकानात घड्याळ देताना पावतीवर पुढील मजकूर लिहून घ्यावा. कोणी कुरकुर केली तर स्वतः वहीच्या कागदावर लिहून त्याखाली दुकानदाराची सही घ्यावी. घड्याळाचे नाव. मशीन कोणाचे आणि कॅलिबर नंबर. ठोके माहीत असतील तर ठोके. कोणता पार्ट बदलायचा आणि त्याचा नंबर. ‘मशीन बदलू नये, डायल रंगवू नये’ हे स्पष्ट शब्दांत. आणि ‘काढलेला जुना पार्ट परत द्यावा’ हे सर्वांत शेवटी. जुना पार्ट परत मागणारा ग्राहक आला की टेबलापलीकडचा माणूस सावधपणे काम करतो, हे आम्ही स्टुलावर बसून अनेकदा पाहिले आहे. तो मोडका पार्ट कागदाच्या पुडीत बांधून, वर कॅलिबर आणि तारीख लिहून, त्याच बिस्किटांच्या डब्यात ठेवावा. पुढच्या वेळी नवा पार्ट आणायला जाताना तीच पुडी बरोबर न्यायची आहे.